माजलगावची नदी कुणाची?

मला विषय दिला होता 'माजलगाव : इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळे'. विषय वाचून माझ्या एका नातेवाइकांनी फोनवरच विचारलं, "माजलगावात बघण्यासारखं काय आहे हो?" हा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल. गढीच्या फाट्यावरून गाडी आत वळली की कापसाची जिनिंग, उसाचे ट्रॅक्टर, बसस्थानक, बाजार. लेणी नाहीत, किल्ला नाही. रेल्वेसुद्धा नाही. कल्याणहून विशाखापट्टणमकडे जाणारा महामार्ग गावाला चाटून जातो. गाड्या चहापुरत्या थांबतात आणि पुढं पाथरीकडं निघतात.

मी इतिहासाचा माणूस नाही. आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्यामुळं 'काय आहे' असं कुणी विचारलं की 'आहे म्हणजे काय' असं विचारायची खोड आहे. आज ती थोडी आवरतो. पण एक प्रश्न मात्र विचारणार आहे, आणि त्याचं उत्तर शोधता शोधता तालुक्यातली चारेक ठिकाणं बघून होतील. प्रश्न असा : आपल्या गावाशेजारून जी सिंदफणा वाहते, तिच्यातलं पाणी कुणाचं?

आधी नदी कळू द्या. सिंदफणा ही बालाघाटाची लेक. पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात उगम. तिथून शिरूर, गेवराई, बीड या तालुक्यांच्या शिवारांतून ती उतरते. बीड शहरातून आलेली बिंदुसरा तिला मिळते. मग माजलगाव, आणि पुढं मंजरथला ती गोदावरीत विलीन होते. म्हणजे अख्खी नदी, उगमापासून संगमापर्यंत, एकाच जिल्ह्याची. अशी नदी पावसाळ्यात दांडगाई करते आणि उन्हाळ्यात वाळूचा पट्टा होऊन पडते. अलीकडं तर वाळूही राहू देत नाहीत म्हणा!

निजामाच्या काळातल्या कागदांत आपल्या गावाचं नाव 'मांजलेगाव' असं आढळतं. जिल्हा 'भीर', तालुका 'मांजलेगाव'. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात. राज्यं बदलली, दफ्तराची भाषा उर्दूची मराठी झाली. पण गावाचं नशीब ज्यानं पालटलं तो निर्णय वेगळाच आहे.

'जायकवाडी' हा शब्द तुम्ही रोज ऐकता. जायकवाडी कुठं आहे? सगळे म्हणतील, पैठणला. पैठणला धरण आहे, नाथसागर आहे. पण जायकवाडी तिथं नाही. जायकवाडी हे आपल्या बीड जिल्ह्यातलं एक गाव आहे. हैदराबाद संस्थान असताना गोदावरीवर मोठं धरण बांधायचा विचार झाला, तो या गावाजवळ. साठवण ठरली होती सुमारे ६० टीएमसी. पुढं महाराष्ट्र झाल्यावर तज्ज्ञांनी जागा बदलली, शंभरेक किलोमीटर वर पैठणला नेली आणि साठवण १०२ टीएमसीपर्यंत वाढवली. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादुर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. धरण वर गेलं, नाव मात्र खालच्या गावाचंच राहिलं. वर्गात मी 'नाम आणि वस्तू' हा पाठ शिकवताना हे उदाहरण द्यायचो. पोरं हसायची, पण विसरायची नाहीत.

नाव राहिलं, पाणी गेलं, असं झालं का? पूर्ण तसं नाही. पैठणहून दोन कालवे निघाले. डावा जालना-परभणीकडं, २०८ किलोमीटरचा. उजवा १३२ किलोमीटरचा, आणि तो येऊन सुटतो कुठं? आपल्या माजलगावच्या जलाशयात. जायकवाडीचा दुसरा टप्पा म्हणतात तो हाच. सिंदफणेवर मातीचं धरण बांधलं, लांबी जवळजवळ साडेसहा किलोमीटर, उंची ३१ मीटर. १९८७ साली ते पुरं झालं. सिंदफणेचं स्वतःचं पाणी त्यात येतं, आणि कालव्यानं गोदावरीचंही येतं. इथून पुन्हा उजवा कालवा निघतो, दीडशेहून जास्त किलोमीटरचा, तो परळी-गंगाखेडच्या बाजूनं नांदेडकडं जातो.

आता धरणाच्या भिंतीवर उभे राहा. संध्याकाळी लोक फिरायला येतातच. समोर पाणी दिसतं. ही सिंदफणा आहे की गोदावरी? हेराक्लिटस नावाचा ग्रीक तत्त्वज्ञ म्हणाला होता की एकाच नदीत दोनदा पाऊल टाकता येत नाही, कारण दुसऱ्या वेळी पाणी दुसरं असतं. आमचे बौद्ध क्षणिकवादी हेच जास्त काटेकोरपणे सांगतील. नैयायिक मात्र म्हणेल, पाणी बदललं तरी प्रवाह तोच, काठ तेच, नदी तीच. माजलगावात दोघांचीही पंचाईत होते. इथं एका नदीच्या पात्रात दुसऱ्या नदीचं पाणी आहे, आणि ते तिथं पंचनाम्यासकट, घनमीटर मोजून आणलेलं आहे! या हेराक्लिटसाचं एफिसस हे मोठं बंदर होतं. शेजारच्या नदीनं गाळ आणून आणून ते बुजवलं, समुद्र दूर गेला आणि शहर उठलं. गाळाचा मुद्दा लक्षात ठेवा, धरणांनाही तोच रोग आहे.

या धरणाची एकूण साठवण सुमारे ४५४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे १६ टीएमसी. त्यातलं वापरायचं, ज्याला जिवंत साठा म्हणतात, ते ३१२. उरलेलं १४२ म्हणजे मृतसाठा. उन्हाळ्यात पेपरात मथळा येतो, 'माजलगाव धरण मृतसाठ्यात'. काहींना वाटतं धरण आटलं. तसं नसतं. कालव्याच्या तोंडाच्या पातळीखाली जे पाणी राहतं ते मृत. ते कालव्यात आपणहून चढत नाही, म्हणून शेतीसाठी मेलेलं. पण पंप लावून ते उपसता येतं, आणि बीड शहर, माजलगाव शहर हेच पाणी पितात. शेतकऱ्याच्या लेखी जे मृत, त्याच्यावर शहर जिवंत. हा शब्द ज्या इंजिनिअरनं मराठीत आणला त्याला तत्त्वज्ञानाची पदवी द्यायला माझी हरकत नाही.

धरणात पाणी किती येणार हे माजलगावच्या हातात नसतं. आपल्यावर पैठण, पैठणवर नगर-नाशिकची धरणं. २००५ साली राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच्या आधारे २०१४ साली आदेश निघाला की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा वापरायोग्य साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. २०१६ साली समन्यायी वाटपाचं तत्त्व न्यायालयानं मान्य केलं. आपण मराठवाडेकर हे अभिमानानं सांगतो, आणि बरोबरच सांगतो. पण मग पाणी पैठणपर्यंत आल्यावर पुढं काय? पैठणहून माजलगावला किती, माजलगावहून शेवटच्या चारीला किती? कालव्याच्या टेलचा शेतकरी सात नंबरचा अर्ज भरून पाळीची वाट बघत बसतो आणि वरच्या अंगाला रात्री मोटारी चालतात. नाशिकला आपण जे ऐकवतो, तेच गंगाखेडचा माणूस आपल्याला ऐकवू शकतो. न्यायाचं तत्त्व आपल्या वरच्याला लावायचं आणि खालच्याला लावायचं नाही, याला तत्त्व म्हणत नाहीत. इथं बसलेल्या काहींना हे आवडणार नाही, मला माहीत आहे. माझीही थोडी जमीन कालव्याच्या वरच्या अंगाला आहे, म्हणून अधिकारानं बोलतो.

आणि या पाण्याला आणखी एक गिऱ्हाईक आहे. नदीत सोडलेलं पाणी मंजरथवरून गोदावरीत जातं आणि पुढं खडक्याच्या बंधाऱ्यात अडवतात, तिथून परळीच्या औष्णिक वीज केंद्राला देतात. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा होता, माणसं होती, पाणी नव्हतं.

बरं, आता गोदाकाठी चला. गावापासून वीस-बावीस किलोमीटरवर पुरुषोत्तमपुरी. अधिक महिन्यात इथं माणसांचा पूर लोटतो. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ चं. दरवर्षी अकरा दिवसांचा फरक पडत जातो, तो भरून काढायला साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा घ्यावा लागतो. या जास्तीच्या महिन्याला देवता कोण? कथेत पुरुषोत्तमानं त्याला आपलं नाव दिलं. ज्याला कुणी वाली नाही त्याला देवानं आपलंसं केलं, ही कल्पना मला फार गोड वाटते. आपल्याकडं हा धोंड्याचा महिना. जावयाला धोंड्याचं जेवण, तेहतीस अनारसे, दिव्यांचं दान.

या देवळाच्या विटा पाण्यावर तरंगतात, असं तुम्हाला तिथं सांगतील, दाखवतीलही. यात चमत्कार नाही, पण कौशल्य आहे. मातीत भुसा मिसळून वीट भाजली की भुसा जळतो, पोकळ्या राहतात, वीट हलकी होते. वरचं शिखर हलकं ठेवलं की खालच्या भिंतींवर भार कमी येतो. तेलंगणातल्या रामप्पा मंदिरात अशाच विटा आहेत, आणि ते २०२१ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

पण पुरुषोत्तमपुरीचं खरं वैभव विटांत नाही, तांब्यात आहे. यादव राजा रामचंद्राचा ताम्रपट इथं मिळाला. शके १२३२, म्हणजे इसवी सन १३१०. वासुदेव विष्णु मिराशी यांनी तो वाचून 'एपिग्राफिया इंडिका'त प्रसिद्ध केला. राजाचा मंत्री पुरुषोत्तम याच्या नावानं हा अग्रहार वसला, ब्राह्मणांना गावं दान दिली, त्याचा हा दस्तऐवज. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. म्हणजे नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्यानंतर फक्त वीस वर्षांनी, त्याच गोदावरीच्या खोऱ्यात, त्याच राजाच्या राज्यात हा लेख कोरला गेला.

यात एक गंमत आहे. ताम्रपटात राजाची स्तुती आहे की त्यानं वाराणसी म्लेंच्छांपासून सोडवली, तिथं शार्ङ्गधराचं देऊळ बांधलं. आता १३१० साली रामचंद्राची अवस्था काय होती? १२९६ ला अलाउद्दीन देवगिरीवर येऊन गेला होता, पुढं मलिक काफूर आला, आणि राजा दिल्लीला खंडणी देत होता. मग यातलं किती खरं धरायचं? आमच्याकडं 'शब्दप्रमाण' म्हणून प्रकरण आहे : कुणाच्या शब्दावर, कोणत्या बाबतीत विश्वास ठेवायचा. माझं मत असं की प्रशस्तीत राजा वाटेल तितका फुगतो, कारण तिथं त्याला कुणी खोडून काढणार नसतं. पण दान दिलेल्या गावांची नावं चुकवून चालत नाही. तिथं उद्या भांडण उभं राहतं. म्हणून ताम्रपटातला सगळ्यात विश्वासू भाग म्हणजे ती रुक्ष यादी. कुठलं गाव, कुणाच्या वाट्याला. सातशे वर्षांपूर्वीही या काठावर लिहून ठेवण्यासारखी गोष्ट हीच होती : काठची जमीन कुणाची. फक्त तिथं राबणाऱ्याचं नाव तांब्यावर आलं नाही. कालव्याच्या नकाशावरही धरणात शेत गेलेल्याचं नाव नसतं, आणि इथून कोयता घेऊन सहा-सहा महिने उसाच्या फडावर जाणाऱ्याचं तर कुठंच नसतं.

गंगामसल्याला वेळ काढून जा. गणपतीची जी एकवीस स्थानं सांगतात त्यातलं हे भालचंद्राचं. आपल्या जिल्ह्यात त्यातली तीन, नामलगाव, राक्षसभुवन आणि हे. चंद्राला गणपतीचा शाप होता, त्यानं इथं तप केलं आणि देवानं त्याला कपाळावर घेतलं, अशी कथा. गोदावरीचा काठ इथं शांत आहे. फार पाट्या नाहीत, हेही सुख.

शेवटी मंजरथ. सिंदफणा-गोदावरीचा संगम, लोक याला दक्षिण प्रयाग म्हणतात. अस्थी घेऊन येतात, श्राद्ध घालतात. माझ्या वडिलांच्या अस्थी मी इथंच सोडल्या. तेव्हा मनात वेगळंच चाललं होतं, पण नंतर एकदा घाटावर बसलो असताना लक्षात आलं : धरणातून पाणी सोडलेलं असेल तेव्हा इथं गोदावरीला जे मिळतं, त्यातलं बरंचसं गोदावरीचंच असतं. पैठणला ती दोघांत वाटली गेली. एक धारा आपल्या पात्रानं आली, दुसरी कालव्यानं १३२ किलोमीटर चालून, सिंदफणेच्या घरी राहून, तिचं नाव लावून इथं येऊन भेटली. गुरुजी संकल्पात कुठल्या नदीचं नाव घ्यायचं म्हणाले, तर मी तरी दोन्ही घेईन.

आता प्रश्नोत्तरं घेऊ. एक चिठ्ठी आधीच आली आहे, "पुरुषोत्तमपुरीला कधी जावं?" २०२६ चा अधिक महिना ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. गर्दी चालत असेल तर तेव्हा जा, नाहीतर दिवाळीनंतर, नदीला पाणी असतं आणि ऊन सोसतं. मे महिन्यात जाणार असाल तर प्यायचं पाणी घरून न्या.