पारावरचं बुद्धिबळ तालुक्याच्या पटावर न्या!

नागपूरच्या दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. वय अवघे एकोणीस. त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. त्याआधी २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदक मिळवले. त्या संघांत दिव्या होती, तसाच नाशिकचा विदित गुजराथीही होता. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात महिलांची ग्रां प्री झाली, तर वर्षअखेरीस गोव्यात २०६ खेळाडूंचा विश्वचषक झाला.

मोठ्या शहराशिवाय हा खेळ वाढत नाही, असे मात्र नाही. सांगलीसारख्या जिल्ह्याच्या गावात भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून पिढ्या घडवल्या. तिथूनच पुढे आलेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या झाल्या.

पोर हरते कुठे?

आपल्याकडे पारावर, देवळाच्या ओट्यावर पट मांडणारी जाणती मंडळी आहेत. पोरं त्यांच्याकडूनच शिकतात. पण शिकतात देशी नियम. देशी डावात प्याद्याची पहिली चालही एकच घर असते, राजा एकदा घोड्याची अडीच घरं चालतो आणि शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं ज्या घरात पोचलं त्या घराचं मोहरं होतं. स्पर्धेत तसं नाही. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं. राजा आणि हत्ती हलले नसतील तर कॅसलिंग करता येतं. शेवटच्या घरातलं प्यादं वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा, हवं ते होतं. शिवाय हात लावलेलं मोहरं हलवावंच लागतं. डोकं असूनही केवळ हे ठाऊक नाही म्हणून पोराचा डाव जातो, हे वाईट.

गावात स्पर्धा कशी घ्यावी?

बत्तीस मुलं जमली तर सोळा पट लागतात. बाद पद्धत ठेवू नका. त्यात निम्मी मुलं पहिल्याच डावानंतर घरी जातात. स्विस पद्धत घ्या. जिंकणारा जिंकणाऱ्याशी, हरणारा हरणाऱ्याशी खेळतो आणि प्रत्येकाला पाचही डाव मिळतात. दोघांना पंधरा-पंधरा मिनिटं दिली तर डाव अर्ध्या तासात संपतो आणि एका दिवसात निकाल लागतो. घड्याळ नसेल तर सरावापुरतं मोबाईलवरचं चालेल. सुगी आटोपल्यावरचा रविवार धरावा, म्हणजे पोरं शेतावर अडकत नाहीत. जागेला ग्रामपंचायतीचं सभागृह किंवा शाळेची खोली पुरते.

पुढची पायरी

बुद्धिबळ हा शालेय क्रीडा स्पर्धांतला खेळ आहे. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी त्याची चढण असते. नाव शाळेमार्फत जातं, म्हणून मुख्याध्यापक आणि क्रीडाशिक्षकांनी प्रवेशाची तारीख चुकवू नये. ती तालुका क्रीडा संयोजकाकडे आधीच विचारून ठेवावी. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पोरांच्या जाण्यायेण्याची सोय पाहिली तर मुलीही जातील. एरवी त्यांचंच नाव आधी गळतं.

शेतकरी बंधूंनो, बियाणं चांगलं असलं तरी पेरा वेळेवरच लागतो. पारावरच्या जाणत्यांनी हे नवे नियम आधी स्वतः शिकून घ्यावेत आणि मग पोरांना पटावर बसवावं.