शू, शहाबादी आणि डिपॉझिट

पहाटे पाणी प्यायला उठलात आणि अंधारात पाय ओल्या, गार, किंचित चिकट फरशीवर पडला, तर दोन शक्यता असतात. एक, कुठला तरी पाइप गळतोय. दोन, तुमच्याकडे ससा आहे. आमच्याकडे दुसरी होती.

साबू. पूर्ण नाव साबुदाणा. एफवायला असताना आमच्या एका सीनियर रूममेटनं त्याला आणलं. पुढे ती नोकरीसाठी बंगळुरूला गेली, ससा राहिला. पुण्यातल्या पेठेतली जुनी इमारत, तिघी मुली, दोन खोल्या, खालच्या मजल्यावर घरमालक काकू. ‘ससा चालेल, पण घाण केलेली चालायची नाही हं,’ असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. आणि साबू खरंच शहाणा होता. ससे स्वतःच एक कोपरा धरतात, त्या कोपऱ्यात ट्रे ठेवला की काम झालं. साडेतीन वर्षं तो ट्रेमध्येच जात होता. मग एका पावसाळ्यात त्यानं घरभर शू करायला सुरुवात केली.

तुमच्याकडे असं झालं तर तुम्हीही बहुतेक तेच कराल जे आम्ही केलं. ओरडाल. ट्रे हलवाल. गूगल कराल. आणि ‘वयात आलाय, एरिया मार्क करतोय’ असा निष्कर्ष काढाल. म्हणून फरक आधीच सांगते. मार्किंग करणारा ससा ठरवून करतो. सोफ्याचा पाय, दाराची चौकट, तुमची नवी बॅग, असं काहीतरी त्याला ‘माझं’ म्हणायचं असतं. असे ससे बहुतेक तरुण असतात आणि नसबंदी झाली की बऱ्याच जणांचा हा उद्योग कमी होतो. ज्याचा ताबाच सुटलाय, तो मात्र जिथे बसतो तिथे ओलं राहतं. झोपून उठला की खाली गोल डाग, चालला की थेंबांची रांग, मागचे पाय आणि शेपटीखालची लव सतत ओली. साबूची नसबंदी कधीच झालेली होती. आम्ही त्याला उचलून पोट बघितलं असतं, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण आम्ही फरशी बघत होतो.

फरशीचंही सांगते, कारण तिच्यावरच सगळ्यात जास्त मूर्खपणा केला. सशाची शू वाळली की खाली पांढरा, खडूसारखा थर राहतो. तो असतो कॅल्शियमचा, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आपण जास्तीचं कॅल्शियम खाल्लं तर आपलं आतडं त्यातलं बरंचसं आत घेतच नाही. सशाचं आतडं समोर येईल ते घेतं आणि नको असलेलं मूत्रावाटे बाहेर टाकतं. त्यामुळे थोडी गढूळ शू नॉर्मल. कधी ती केशरी किंवा चक्क लालही दिसते. ते बऱ्याचदा खाल्लेल्या पाल्यातल्या रंगद्रव्यांमुळे असतं, पण रक्त आहे की रंग हे डोळ्यांनी ठरवायच्या भानगडीत पडू नका, डॉक्टरांना दाखवा.

तर हा पांढरा थर साबणानं निघत नाही. आम्ही एका रविवारी बाथरूममधलं टॉयलेट क्लीनर ओतलं. मस्त फेस आला. आम्हाला वाटलं, डाग जातोय. डाग गेलाच, पण फरशीही गेली. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. म्हणजे डाग ज्याचा, फरशीही त्याचीच, आणि ॲसिडला दोघांतला फरक कळत नाही. आज तिथे ताटाएवढा फिक्कट, खरखरीत पॅच आहे. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘अगं, कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू सांडलं की पांढरा डाग पडतो ना, तसंच.’ मास कॉमच्या डिग्रीत हे शिकवत नाहीत.

म्हणून साफ करण्याआधी पायाखाली काय आहे ते ओळखा. शहाबादी, कोटा, कडप्पा, संगमरवर हे सगळे ॲसिडला घाबरणारे. जुन्या मोझॅक टाइल्समध्ये सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे असतात, म्हणजे त्याही त्याच यादीत. यांच्यावर व्हिनेगर नाही, लिंबू नाही, टॉयलेट क्लीनर तर नाहीच. ओलं असतानाच कापडानं टिपून घ्या, पुसू नका, पुसलं की पसरतं. मग भांड्यांचा सौम्य साबण आणि पाणी. थर बसलाच असेल तर त्यावर ओलं फडकं अर्धा तास ठेवून, मऊ झाल्यावर जुन्या प्लॅस्टिक कार्डानं खरवडा. माझं एसवायचं आयकार्ड सध्या याच कामात आहे. नव्या फ्लॅटमधल्या व्हिट्रिफाइड टाइल्स असतील तर तुम्ही नशीबवान. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, दहा मिनिटं ठेवून पुसून घ्या. फक्त टाइल्सच्या मधल्या फटीत ते साचू देऊ नका, तिथे सिमेंट असतं. काहीही नवं वापरायचं तर आधी कॉटखालच्या कोपऱ्यात थेंबभर लावून बघा.

आणि एक गोष्ट अगदी गंभीरपणे. ब्लीच शूवर ओतू नका. मूत्रातल्या अमोनियाशी ब्लीच मिसळलं की घातक वायू तयार होतो, आणि ॲसिडवाल्या क्लीनरबरोबर मिसळलं तर क्लोरीन. दारं-खिडक्या बंद असलेल्या पावसाळी खोलीत हा प्रयोग तुमच्यावरही होईल आणि जमिनीपासून चार बोटांवर नाक असलेल्या सशावरही.

आता आमची सगळ्यात वाईट चूक. फरशी कोरडी राहावी म्हणून आम्ही रात्री साबूची पाण्याची वाटी उचलून ठेवायला लागलो. लॉजिक सिंपल होतं. पाणी कमी, शू कमी. आठ दिवस हे चाललं. फरशी थोडी कोरडी झाली, आम्ही खूश. नवव्या दिवशी त्यानं खाणं सोडलं.

इथे थांबून हे लक्षात ठेवा. ससा खायचा थांबला की ‘उद्या बघू’ म्हणायचं नसतं. त्याचं पोट सतत चालू असावं लागतं, बारा तास काहीच न खाणं ही इमर्जन्सी असते. आम्ही रिक्षात, मांडीवर टोपली घेऊन, तीन दवाखाने फिरलो. दोन ठिकाणी ‘आम्ही कुत्री-मांजरंच बघतो’ असं कळलं. म्हणून घरात ससा असेल तर आजच, तो ठणठणीत असताना, जवळच्या दवाखान्यांना फोन करून ‘ससे बघता का?’ एवढं विचारून नंबर सेव्ह करून ठेवा.

तिसऱ्या ठिकाणी एक्स-रे निघाला. मूत्राशय काळ्या फिल्मवर पांढरं लखलखीत, जणू आत खडू भरलाय. कॅल्शियमचा गाळ. डॉक्टर म्हणाल्या, ‘हा मुद्दाम करत नाहीये. गाळाच्या कडेनं थेंब-थेंब निसटतंय आणि त्याला दुखतंय.’ मग त्यांनी खाण्याचं विचारलं. आम्ही अभिमानानं सांगितलं, रोज ताजा लसूणघास, गोठ्यावरून आणतो, स्वस्त पडतो. त्यांनी पेन खाली ठेवलं. लसूणघास म्हणजेच इंग्रजी नावानं पाकिटावर लिहिलेला अल्फाल्फा. त्यात कॅल्शियम भरपूर, वाढत्या पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला रोजचं जेवण म्हणून चुकीचं. ‘आणि पाणी किती पितो?’ या प्रश्नावर आम्ही तिघी एकमेकींकडे बघायला लागलो.

सशाला किलोमागे दिवसाला साधारण ५० ते १५० मिली पाणी लागतं. ते तोडलं की मूत्र घट्ट होतं आणि गाळ आणखी बसतो. म्हणजे आम्ही फरशी वाचवायला त्याचा आजार वाढवत होतो. डॉक्टर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गाळ हे एकच कारण नसतं, हेही सांगून ठेवते. मूत्राशयातला खडा, मूत्रमार्गाचा संसर्ग, म्हाताऱ्या सशाचा संधिवात, पाठीच्या कण्याला मार, आणि ‘एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली’ नावाचा परजीवी. हा मेंदू आणि मूत्रपिंडावर जातो, मागचे पाय लटपटतात, मान वाकडी होऊ शकते. त्याचं औषध साधारण २८ दिवस चालतं. यातलं काय आहे ते तपासणीशिवाय कळत नाही, आणि आपल्या घरातल्या गोळ्या तर सशाला अजिबात द्यायच्या नाहीत.

भूल देऊन साबूचं मूत्राशय धुऊन काढलं. आता पाण्याची मोठी वाटी दिवसरात्र भरलेली असते, बाटलीच्या नळीपेक्षा ससे वाटीतून जास्त पितात. लसूणघास बंद, वाळलेलं गवत चालू. गळती बरीच कमी झाली. पण थांबली नाही. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की पूर्ण थांबेलच असं नाही. मग उरला प्रश्न, या सशाबरोबर या फरशीवर राहायचं कसं. आणि याचं उत्तर बाजारात रेडीमेड मिळत नाही, जुगाडच करावा लागतो.

आमचा जुगाड तीन थरांचा आहे. सगळ्यात खाली फ्लेक्स. हो, तोच, चौकातला. वाढदिवस संपला की या फ्लेक्सना कुणी वाली नसतो, आणि पुण्यात त्यांचा तुटवडा पडेल असा दिवस अजून उगवायचाय. रीतसर विचारून आणलेला एक भावी नगरसेवक आमच्या खोलीत पालथा पडलेला आहे. फ्लेक्स नको असेल तर फरशीवर घालायचं व्हिनाइल शीट मापानं कापून मिळतं. कुठलंही घ्या, कडा भिंतीपाशी चार बोटं वर वळवा, म्हणजे ओघळ कडेनं खाली जात नाही. ससा कडा कुरतडणारच, म्हणून त्या लाकडी पट्टीखाली दाबून ठेवा. प्लॅस्टिक पोटात गेलं तर सशाला उलटी करून टाकताच येत नाही, हे विसरू नका.

मधला थर शोषणारा. मेडिकलमध्ये पेशंटसाठी अंडरपॅड मिळतात, ते उत्तम, पण महाग पडतात आणि आतली जेल सशानं खाता कामा नये. आम्ही जुना टॉवेल आणि त्याखाली वर्तमानपत्र वापरतो. (संपादकांची माफी मागते. हे पानही शुक्रवारपर्यंत तिथेच असेल.)

वर फ्लीसचं ब्लँकेट. थंडीत रस्त्यावर मिळतं ते. गंमत अशी की फ्लीस ओलं धरून ठेवत नाही, शू त्यातून खाली टॉवेलवर जाते आणि वरचा भाग बऱ्यापैकी कोरडा राहतो. नवं असेल तर आधी दोन-तीनदा धुवा, आणि कंडिशनर वापरू नका, नाहीतर थेंब वरच तरंगतात. आजीची गोधडी मात्र नको. सुती कापड ओलं राहतं आणि ससा त्यावरच बसून राहतो.

हे फक्त फरशीसाठी नाहीये. सशाच्या तळव्यांना कुत्र्या-मांजरांसारख्या गाद्या नसतात, नुसती लव असते. ओल्या, गुळगुळीत फरशीवर तो घसरतोही आणि तळव्यांना जखमाही होतात. शू लागून मांड्यांची कातडी सोलवटते, आणि पावसाळ्यात ओल्या लवेवर माश्या अंडी घालतात. दिवसभरात तिथे अळ्या होऊ शकतात. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ त्याला उलटं न करता, मांडीवर उभं धरून, शेपटीखाली बघायचं. ओलं असेल तर तेवढंच कोमट पाण्यानं पुसून नीट कोरडं करायचं. अख्खी आंघोळ घालायची नाही. डायपर? आम्हीही विचार केला होता. पण आतली ओल कातडीला चिकटून राहते, शिवाय ससे स्वतःच्या मऊ लेंड्या परत खातात, ते त्यांच्या पोषणाचा भाग आहे, आणि डायपरमध्ये ते जमत नाही.

धुण्याचं गणित कुणी सांगत नाही. पावसाळ्यात फ्लीस वाळायला दोन दिवस लागतात, तर चार ब्लँकेट्स लागतात. वेगळी बादली, आधी लेंड्या आणि केस झटकायचे, नाहीतर मशीनची जाळी तुंबते. आमचं वेळापत्रक फ्रीजवर लावलंय. माझे वार सोमवार आणि गुरुवार. सबमिशनच्या आठवड्यात यावरून भांडणंही होतात.

काकूंना पॅच दाखवायला आम्हाला तीन आठवडे लागले. त्या वर आल्या, ब्लँकेट उचललं, टॉवेल उचलला, मग भावी नगरसेवक उचलले. बराच वेळ बघत राहिल्या.

‘ॲसिड ओतलंत ना गं?’

‘हो काकू.’

‘दोन फरश्यांचे पैसे कापीन डिपॉझिटमधून.’ मग साबूकडे बघून, ‘आणि याला काय झालंय?’

सांगितलं. त्यांनी खाली जाऊन व्हाइट सिमेंटचा उरलेला पुडा आणून दिला आणि फरशांच्या सगळ्या फटी आमच्याकडूनच भरून घेतल्या. फटीत मुरलेली शू पावसाळ्यात परत वास मारते, हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होत्या, त्याच खोलीत.

दर रविवारी आम्ही फ्लेक्स उचलून खालची फरशी तासभर पंख्याखाली वाळवतो. तेवढा वेळ साबू त्या खरखरीत पॅचवरच जाऊन बसतो. तिथे त्याचे पाय घसरत नाहीत.