जुनी आरामखुर्ची घेताना

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात एखादं जुनं घर पाडायला काढलं, की माळ्यावरून नाही तर मागच्या पडवीतून एखादी आरामखुर्ची बाहेर येते आणि घरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, कबाडीवाल्याला देऊन टाका. दुसऱ्याने मोबाइलवर परदेशी लिलावांचे आकडे पाहिलेले असतात. तो म्हणतो, हात लावू नका, लाखोंची वस्तू आहे. बहुतेक वेळा दोघांचाही अंदाज चुकतो. याच घरातली पुढची पिढी नव्या फ्लॅटसाठी ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ लाउंज चेअर शोधायला बाजारात उतरते, तेव्हा तिच्या गाठीशीही हीच ऐकीव माहिती असते.

नागपूरकर भोसल्यांचा छत्तीसगडावरचा अंमल १८५४ मध्ये संपला. पण त्या काळात आणि नंतर नोकरी-वकिलीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबं ब्राह्मणपारा, तात्यापारा अशा जुन्या वस्त्यांत रुजली. अशा घरांत तीन-चार पिढ्यांचं लाकूडसामान एकत्र नांदतं, आणि त्यातलं काय कोणत्या काळातलं, इथूनच गोंधळ सुरू होतो.

आजोबांच्या वेळची प्रत्येक खुर्ची ‘मिड-सेंच्युरी’ असते, हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. हे नाव रूढ झालं ते केरा ग्रीनबर्ग यांच्या १९८४ च्या पुस्तकापासून, आणि त्याचा रोख साधारण १९४५ ते १९७० या काळातल्या एका विशिष्ट घडणीवर आहे: निमुळते पाय, कोरीव नक्षीला फाटा, उघडी दिसणारी जोडणी, वजनाला हलका सांगाडा. ज्या खुर्चीचे लांबलचक हात पुढे ओढून त्यावर पाय पसरता येतात, ती इंग्रज मळेवाल्यांच्या बंगल्यांतून आलेली, एकोणिसाव्या शतकातली घडण. गुबगुबीत गोलसर हातांची आणि पायरीसारख्या रेषांची खुर्ची बहुधा आर्ट डेको वळणाची. मुंबईत १९३७ साली टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरलं, तेव्हा हीच आधुनिक घराची शोभा मानली जात होती. वाकवलेल्या स्टीलच्या नळीची खुर्ची तर मार्सेल ब्रॉयर यांनी १९२५ मध्येच केली होती. या सगळ्या खुर्च्या सुंदर असू शकतात आणि मोलाच्याही. मुंबईच्या चोर बाजारातली मटन स्ट्रीट असो की ओशिवऱ्याची फर्निचरची दुकानं, एकच नाव सरसकट सगळ्यांना लागतं आणि पैसे त्या नावाचे घेतले जातात, खरी अडचण तिथे आहे.

लाखोंचे आकडे ज्या भारतीय खुर्चीमुळे कानावर येतात, ती चंदीगडची. तिच्याभोवती गैरसमजांचं जाळंच आहे, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबायला हवं.

पहिला गैरसमज, ती ल कॉर्बुझिए यांनी केली. शहराच्या आराखड्याचं श्रेय त्यांचं. पण तिथल्या कचेऱ्या, ग्रंथालयं, वसतिगृहं आणि सरकारी घरांसाठी जे फर्निचर तयार झालं, त्यामागे प्रामुख्याने त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे आणि भारतीय सहकाऱ्यांचा चमू होता. युली चौधरी हे त्यातलं महत्त्वाचं नाव, आणि ते जितकं घेतलं जायला हवं तितकं आजही घेतलं जात नाही. जानरे १९५१ पासून १९६५ पर्यंत चंदीगडमध्ये राहिले. १९६७ मध्ये जिनिव्हात त्यांचं निधन झालं आणि पुढे त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा चंदीगडच्या सुखना तलावात विसर्जित करण्यात आली.

दुसरा गैरसमज असा, की खऱ्या चंदीगड खुर्च्या साच्यातून काढल्यासारख्या एकसारख्या असतात. इंच-अर्धा इंच फरक दिसला की माल नकली. हे फर्निचर एका कारखान्यातून निघालेलंच नाही. वेगवेगळ्या स्थानिक सुतारशाळांनी साग, क्वचित शिसवी आणि वेत वापरून ते हजारोंच्या संख्येने घडवलं. म्हणून मापात, जोडणीत, पायांच्या जाडीत फरक सापडतोच. संशय घ्यायचा असेल तर फार तंतोतंत जुळणाऱ्या, एकसारख्या झिजलेल्या चार खुर्च्यांचा घ्यावा. वापरातली झीज कधी समान नसते: हाताच्या टोकाला पॉलिश उडतं, मागच्या पायांचा तळ रेटून घासतो, बैठकीची पुढची कड गुळगुळीत होते.

तिसरा, पाठीवर पांढऱ्या रंगात क्रमांक लिहिलेला असला की खुर्ची चंदीगडची. चंदीगडच्या खुर्च्यांवर इमारतीचं वा विभागाचं संक्षिप्त नाव आणि नोंद क्रमांक रंगवलेले असत, हे खरं. पण असे आकडे देशातल्या जवळपास प्रत्येक सरकारी खात्याने आपल्या टेबल-खुर्च्यांवर घातले आहेत. रायपूर-भिलाई पट्ट्यात तर अशा सामानाला तोटाच नाही. १९५५ च्या सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, १९५९ मध्ये तिथली पहिली झोतभट्टी सुरू झाली, त्याच सुमारास भोवती क्वार्टर्स आणि कचेऱ्या वसल्या. निकामी ठरवलेलं सरकारी सामान लिलावात जातं आणि तिथून जुन्या बाजारात उतरतं. क्रमांक रंगवायला एक कुंचला पुरतो. कागद तयार करणं त्याहून अवघड असतं, म्हणून विक्रेत्याकडे मागायचा तो लिलावाचा कागद.

चंदीगडच्या खुर्च्या बाहेर गेल्या त्याही याच वाटेने. मोडक्या म्हणून गच्च्यांवर टाकलेल्या खुर्च्या सरकारी लिलावात कवडीमोलाने निघाल्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून फ्रेंच व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या आणि युरोप-अमेरिकेत विकल्या. एमी सीगल या अमेरिकी कलाकाराने २०१३ मध्ये ‘प्रॉव्हेनन्स’ नावाचा चित्रपट केला. तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून सुरू होतो आणि लिलावघर, जहाज, बंदर असा उलटा प्रवास करत चंदीगडला पोहोचतो. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या वारसा-फर्निचरच्या विक्रीला मनाई केली, आणि पुढच्या मोजणीत शहरात अशा १२ हजारांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या. त्यानंतरही चोऱ्या होत राहिल्या. आज कुणी कागदाशिवाय ‘थेट चंदीगडहून आणलेली’ खुर्ची देऊ करत असेल, तर ती नकली असेल किंवा चोरीची. दोन्ही घेण्याजोग्या नाहीत.

इथेच कायद्याविषयीचा घोळ येतो. पन्नास वर्षं झाली की वस्तू ‘अँटिक’ ठरते, असं दुकानदार सर्रास सांगतात. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यात मर्यादा १०० वर्षांची आहे. ७५ वर्षांची सवलत आहे ती हस्तलिखितं आणि दस्तऐवजांना. म्हणजे १९५५ ची खुर्ची कायद्याच्या नजरेत अजून पुरावस्तू नाही. चंदीगडच्या वस्तू परदेशी लिलावात रोखताना भारताचे हात बांधले जातात ते याच कारणाने.

मग परदेशी नावांची गंमत. ‘ईम्स चेअर’ म्हणून रायपुरातही जी काळ्या चामड्याची, वाकवलेल्या लाकडी पाठीची खुर्ची मिळते, ती चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दाम्पत्याने हर्मन मिलर कंपनीसाठी १९५६ मध्ये आणली. या दोघांचं भारताशी जवळचं नातं आहे: १९५८ मध्ये ते इथे फिरले, त्यांनी भारत सरकारला अहवाल दिला, त्यात आपल्या साध्या लोट्याच्या घडणीचं भरभरून कौतुक केलं, आणि त्या अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

ही खुर्ची मागे रेलते, असं बहुतेकांना वाटतं. ती फिरते, रेलत नाही. बैठकीचा कल कायमचा ठरलेला आहे. खाली कळ असेल आणि पाठ मागे झुकत असेल, तर ती दुसऱ्या कुणाची निर्मिती. अस्सल खुर्चीच्या लाकडी कवचांवर बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही. पाठीची जोडणी आतून चिकटवलेल्या रबरी गुट्ट्यांवर असते. खुर्चीच्या पायाला पाच पाती, पाय ठेवायच्या चौरंगाला चार. अस्सल म्हणजे धोक्याबाहेर, असंही समजू नये. पन्नास वर्षांत रबर कडक होतं, गुट्टा सुटतो आणि माणूस बसलेला असताना पाठ निखळू शकते. जुनी ईम्स घेणाऱ्याने चामड्याच्या चकाकीआधी हे रबर तपासावं.

या खुर्चीचं कवच प्लायवूडचं आहे, वर व्हिनियर. ‘व्हिनियर म्हणजे फसवणूक’ मानणाऱ्यांसाठी याहून चांगलं उत्तर नाही. सुरुवातीला ब्राझिलियन रोझवूडचं व्हिनियर असे. १९९२ मध्ये त्या लाकडाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आली आणि ते थांबलं.

लाकडाबद्दल आपल्याकडे अभिमान मोठा, आणि तो असायलाही हवा. अल्लापल्लीच्या सागाचे दरवाजे अयोध्येच्या मंदिरापर्यंत पोहोचले. पण ‘जड म्हणजे साग’ ही कसोटी साफ खोटी. साग मध्यम वजनाचा. छत्तीसगडच्या जंगलांत मुबलक असलेला साल आणि आपली शिसवी दोन्ही त्याहून जड भरतात. सालाला सागाचा रंग देऊन विकणाऱ्याला ही समजूत पथ्यावर पडते. सागाची ओळख पटवायची तर बैठकीखालचा, पॉलिश नसलेला भाग किंचित घासावा: तेलकट स्पर्श आणि चामड्यासारखा विशिष्ट वास येतो. ‘सागाला वाळवी लागत नाही’ हेही अर्धंच खरं. टिकतो तो गाभा. कडेचा फिकट, पांढुरका पट्टा वाळवी आणि भुंगा दोघेही खातात. खुर्ची आपटल्यावर बारीक ताजा भुसा गळत असेल, तर कीड अजून आत आहे.

आता पॉलिश. जुनी खुर्ची घासूनपुसून मेलामाइनने चकचकीत केली की किंमत वाढते, हा समज सर्वाधिक नुकसान करतो. मशिनने घासताना हातांच्या कडांची धार जाते, जुने क्रमांक पुसले जातात, साठ वर्षांत आलेला रंग एका दुपारी नाहीसा होतो आणि तो परत आणता येत नाही. भारतात त्या काळचं फर्निचर बहुधा फ्रेंच पॉलिशचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचं. ही लाख छत्तीसगडचीच संपत्ती. कुसुम, पळस आणि बोरीच्या झाडांवर तिचे किडे पोसले जातात आणि देशाच्या लाख-उत्पादनात या राज्याचा वाटा मोठा आहे. कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन मागच्या पायाच्या आतल्या बाजूला टेकवावं. थर चिकट झाला तर लाख; काहीच झालं नाही तर वरून पुढे कधीतरी मेलामाइन किंवा तत्सम थर चढला आहे. लाखेवर लाख सहज बसते, त्यामुळे जुनं न खरवडता पॉलिश पुन्हा उजळता येतं. हे काम जाणणारा मिस्त्री रायपुरात भेटला, तर तो खुर्चीइतकाच मोलाचा.

सांध्यातला गोंदही वय सांगतो. फेविकॉल बाजारात आलं १९५९ मध्ये. त्याआधी सुतार जनावरांच्या हाडा-कातड्याचा सरस वापरत. सांध्यात पांढरट पारदर्शक गोंद दिसला तर खुर्ची नंतरची, किंवा नंतर दुरुस्त झालेली. सरस ऊन-पाण्याने सैल होतो, आणि रायपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यानंतर लगेच येणाऱ्या पावसात असे सांधे डुगडुगणारच. डुगडुगणारी खुर्ची वाया गेली, हा गैरसमज त्यातूनच येतो. सरसाचा सांधा गरम पाण्याने उघडून पुन्हा बसवता येतो. वरून खिळे ठोकून ‘पक्की’ केलेली खुर्ची मात्र घेऊ नये. खिळ्यांनी लाकूड फाटतं.

फाटलेला वेत पाहून लोक मागे फिरतात, तेही नको. वेत झिजण्यासाठीच असतो; त्या काळच्या बहुतेक खुर्च्यांचं विणकाम एकदा तरी बदललेलं आहे आणि त्याने अस्सलपणा उणावत नाही. बघायचं ते चौकटीकडे. तिच्यात रांगेने भोकं असतील तर वेत हाताने विणलेला होता. सलग खाच असेल तर तयार जाळी दाबून बसवलेली. देशातल्या अंधशाळांमधून पिढ्यानपिढ्या खुर्च्या विणायचं शिक्षण दिलं गेलं आणि सरकारी कचेऱ्यांच्या खुर्च्या त्या हातांनी विणल्या गेल्या. प्लॅस्टिकची जाळी बसवताना ती भोकं बुजवू नयेत, एवढी विनंती प्रत्येक मालकाला करावीशी वाटते.

नवी प्रतिकृती घेणं बेकायदा आहे का, असाही प्रश्न येतो. भारताच्या २००० सालच्या डिझाइन कायद्यात नोंदणीचं संरक्षण जास्तीत जास्त १५ वर्षांचं, त्यामुळे १९५० च्या दशकातल्या आकाराची खुर्ची घडवणं त्या कायद्याने अडत नाही. बंगळुरूची ‘फँटम हँड्स’ चंदीगडच्या खुर्च्या नव्याने, उघडपणे नव्या म्हणूनच घडवते. नवी खुर्ची जुनी म्हणून विकणं किंवा कंपनीचं नोंदलेलं नाव चिकटवणं ही फसवणूक आहे. ब्राह्मणपाऱ्यातल्या एखाद्या घरात स्थानिक मिस्त्रीने त्या काळी मासिकातलं चित्र पाहून घडवलेली निमुळत्या पायांची खुर्ची सापडली, तर तिला मोठं नाव मिळणार नाही आणि लिलावाचे आकडेही नाहीत. पण ती त्याच काळाची, त्याच घडणीची अस्सल वस्तू आहे आणि बाजारभावाने आजही परवडते.

शेवटी उंची मोजावी. ईम्सची बैठक जमिनीपासून सुमारे १५ इंच, चंदीगडच्या आरामखुर्च्याही ठेंगण्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला १७-१८ इंचांवरून उठणं सोपं जातं. पायांखाली ठोकळे लावायचे तर चारही सारखे असावेत, नाहीतर पाठीचा कल बदलतो. खरेदीआधी पंधरा-वीस मिनिटं सलग बसून पाहावं, हातांना न रेटता उठता येतं का तेही पाहावं, आणि वेत, गादी, सांधे यांच्या दुरुस्तीचा खर्च मिस्त्रीला आधी विचारून तो मागितलेल्या किमतीतून वजा करूनच सौदा बोलावा.