गाडीला ती दिसली होती

स्वयंचलित यंत्रानं माणसाला धडक दिली, की पहिला तर्क ठरलेला असतो: त्याच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला तो माणूस दिसलाच नसणार. 18 मार्च 2018 च्या रात्री अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टेंपी शहरात उबरची चाचणीतली मोटार, हातात सायकल धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईवर आदळली. ती दगावली. तेव्हाही अनेकांना असंच वाटलं.

वस्तुस्थिती अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात समोर आली. धडकेच्या 5.6 सेकंद आधी, म्हणजे सुमारे शंभर मीटरवरून, ती गाडीच्या संवेदकांना दिसली होती. मग प्रणालीनं तिला कधी वाहन ठरवलं, कधी ‘इतर काही’, कधी सायकल. ओळख बदलली की आधीच्या हालचालीचा हिशेब बाद. त्यामुळे ‘हे रस्त्यात आडवं येतंय’ हे वेळेत लक्षातच आलं नाही. ठरलेल्या जागा सोडून कुणी मध्येच रस्ता ओलांडेल, ही शक्यता प्रणालीत धरलेली नव्हती. (आपल्याकडच्या कुठल्याही बाजारपेठेत ही चूक पाच मिनिटांत उघडी पडली असती.) धडक अटळ आहे हे कळलं तेव्हा 1.2 सेकंद उरले होते. त्यातही खोट्या इशाऱ्यानं गाडी उगाच करकचून थांबू नये म्हणून एक सेकंद कृती रोखून धरण्याची तरतूद होती. गाडी मूळची व्होल्वोची; तिचा स्वतःचा आपत्कालीन ब्रेकही बंद ठेवलेला होता. तो एक सेकंद आणि तो बंद ब्रेक, दोन्ही निर्णय माणसांचे. आत बसलेल्या देखरेखीच्या चालकाची नजर मोबाइलवर होती.

संगणक, संवेदक आणि प्रत्यक्ष हलणारं यंत्र एकत्र जोडलेल्या अशा व्यवस्थेला सायबर-फिजिकल म्हणतात. मोबाइलवरच्या अ‍ॅपनं उत्तर द्यायला सेकंदभर उशीर केला तर आपण वैतागतो. ताशी 70 किलोमीटरनं धावणारी गाडी तेवढ्यात 19 मीटर पुढे जाते.

उलट गैरसमजही आहे: विमान, गाडी आपोआप काही भलतं करून बसली, की ते एआयचंच काम. बोइंग 737 मॅक्सच्या 2018 आणि 2019 च्या दोन अपघातांत 346 माणसं गेली. तिथली विमानाचं नाक आपोआप खाली ढकलणारी एमकॅस ही प्रणाली काही शिकणारी नव्हती. साधा ठरीव नियम, आणि तोही एकाच संवेदकावर विसंबलेला.

आणि ‘एकदा एआय बसवलं की सूत्रं त्याच्या हाती’? गुगलनं डेटा सेंटरच्या शीतकरणात ते वापरलं. 2018 पासून थेट नियंत्रणही दिलं. पण त्याची प्रत्येक आज्ञा तिथली जुनी नियंत्रण यंत्रणा सुरक्षेच्या मर्यादेत तपासते, मगच पुढे जाते. कर्मचारी केव्हाही ताबा परत घेऊ शकतात.

सुरक्षेचा शेवटचा शब्द ठरीव नियमांचा, एआय मदतीला: भारतीय रेल्वेत ही विभागणी ठळक दिसते. लाल सिग्नल ओलांडू पाहणाऱ्या गाडीला ब्रेक लावणारं ‘कवच’ ठरलेल्या नियमांवर चालतं. नियमांचं वागणं आधी तपासून प्रमाणित करता येतं. उदाहरणांवरून शिकलेल्या एआयच्या बाबतीत ते फार अवघड. ईशान्येकडच्या मार्गांवरच्या ‘गजराज’मध्ये मात्र एआय आहे. रुळांलगतच्या ऑप्टिकल फायबरमधल्या कंपनांवरून ते हत्ती ओळखतं आणि लोको पायलटला, स्टेशन मास्तरला इशारा देतं.