दिवसा चालेल, रात्री नाही

पहाटे ५. जूनमधलं फिनिक्स. दहानंतर तापलेल्या हवेत सेस्ना १७२ चढायला कुरकुरते, म्हणून डियर व्हॅली विमानतळावर आमचे उड्डाणाचे धडे उजाडतानाच सुरू होतात.

५.२०. विद्यार्थी सांगलीचा. मास्टर स्विच लावून तो विमानाभोवती फेरी मारतो. उजव्या पंखाचा हिरवा दिवा लागला, शेपटीचा पांढराही. डाव्या टोकाचा लाल मेलेला. "सर, सूर्य वर आलाय. दिवा हवाय कशाला? निघू या की."

५.३०. निघता येईल, पण असं नाही. अमेरिकेचा नियम ९१.२१३ काही प्रश्न विचारायला लावतो. दिवसाच्या दृश्य उड्डाणासाठी सक्तीच्या साधनांत हा दिवा आहे का? उत्पादकाच्या यादीत? एखाद्या एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हमध्ये, म्हणजे सुरक्षेसाठीच्या सरकारी आदेशात? तिन्ही ठिकाणी पोराने स्वतः शोधलं. नाही.

मेकॅनिकने आधी नवा बल्ब लावून पाहिला. तोही लागेना, म्हणजे दोष तारेत. तार सुटी करून त्याने टोक टेपने गुंडाळलं, लॉगबुकात नोंद करून सही केली आणि स्विचशेजारी 'इनऑपरेटिव्ह' अशी चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठी बोटभर, पण ती नसती तर उड्डाण बेकायदा. शेवटी धोका आहे का, हे मी ठरवायचं. नव्हता.

६.१५. उड्डाण. छान झालं.

११. दुसऱ्या विमानात इंजिन सुरू झाल्यावरही लो व्होल्टेजचा दिवा विझेना. अल्टरनेटर गेला. इंजिन मॅग्नेटोवर चालतं, ते बंद पडणार नाही. पण बॅटरी उतरली की रेडिओ आणि ट्रान्सपाँडर गप्प. डियर व्हॅली फिनिक्सच्या मुख्य विमानतळाभोवतीच्या, म्हणजे स्काय हार्बरभोवतीच्या, ३० सागरी मैलांच्या वर्तुळात येतं. तिथे ट्रान्सपाँडर लागतोच, आणि २ जानेवारी २०२० पासून विमानाचं स्थान आपोआप कळवणारं एडीएस-बीही सक्तीचं आहे. इथे चिठ्ठीने भागत नाही. विमान हँगरमध्ये.

दुपार. हिशेब, झोप.

संध्याकाळी ७.४०. सूर्यास्त. रात्रीच्या धड्याला सकाळचंच विमान नोंदवलेलं. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत तिन्ही दिवे लागलेच पाहिजेत. विमान तेच, चिठ्ठी तीच, आणि आता ते उडवणं बेकायदा. पोराचा चेहरा पडला. वाद मात्र घातला नाही.

भाड्याचं विमान घेणाऱ्यांनो, किल्ली हातात घेण्याआधी लॉगबुकातल्या शेवटच्या नोंदी वाचा आणि परत यायला अंधार होईल का, ते बघा.