आशाताई आणि ओसरीवरचा माणूस

आशाताई घरोघर फिरते ती बहुधा दुपारी. पुरुष तेव्हा वावरात नाही तर बाजाराला. तिच्या पिशवीत निरोधची पाकिटं आणि माला-एनच्या गोळ्या असतात. बोलणं होतं ते चुलीजवळ, सुनेशी. ओसरीपर्यंत ते फारसं येतच नाही.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 साली सुरू झालं आणि साधारण हजार वस्तीमागे एक आशा नेमायचं ठरलं. बाई त्याच गावची हवी, ही अट. ही अट फार शहाणपणाची. पुसदकडचा तांडा असो, झरी-जामणीतलं कोलामांचं पोड असो की आमचा मोहल्ला, बाहेरून आलेल्या बाईला जे कुणी सांगणार नाही ते आपल्या माणसाला सांगतात. पण मंडळी, गावची सून म्हटली की भासरे आले, सासरे आले. त्यांच्यासमोर 'नसबंदी' हा शब्द ती कसा उच्चारणार?

पुरुषाच्या मनात या शब्दाची धास्ती आहे, तिला कारण आहे. आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत बहुसंख्य पुरुष होते. आपल्या विधिमंडळानं तर सक्तीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. तेव्हापासून पुरुष जो मागे सरला तो सरलाच. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या शंभर विवाहितांपैकी जवळपास अडतीस जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. नवऱ्यानं करून घेतल्याचं प्रमाण हजारात तीन!

आणि दोन्ही शस्त्रक्रिया सारख्या नाहीत. बाईचं पोट उघडावं लागतं. दुर्बिणीनं केली तरी आत शिरावंच लागतं. पुढे काही दिवस जड उचलू नको म्हणतात. मग पाण्याचा हंडा कोण उचलणार, कपाशीचं गाठोडं कोण वाहणार? पुरुषाची बिनटाका नसबंदी म्हणजे तेवढ्याच जागेपुरती भूल, एक बारीक छिद्र, टाका नाही. त्याच दिवशी माणूस घरी. 'ताकद जाते' हे खोटं. पुरुषत्वाचा रस रक्तातून फिरतो, त्याची वाट कुणी बंद करत नाही. बंद होते ती फक्त बीज वाहून नेणारी नळी. एक मात्र पक्कं लक्षात ठेवावं. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून घ्यायचं. हे नीट सांगितलं नाही की बाईला दिवस जातात, आणि मग संशय तिच्यावर येतो. घरं मोडावीत असा हा संशय, तोही एका न सांगितलेल्या वाक्यापायी.

ज्यांना पाळणा फक्त लांबवायचा आहे त्यांच्यासाठी तांबी आहे, तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन आहे, 'छाया' गोळी आहे. हीसुद्धा सगळी बाईचीच साधनं, हे ध्यानात आलं असेल. पुरुषाचं म्हणाल तर निरोध तेवढा.

उपकेंद्रात आरोग्यसेवक नावाचा पुरुष कर्मचारीही असतो. डास, फवारणी, रक्ताचे नमुने यांत तो गुंतलेला. पारावर बसून दोन शब्द बोलायचं काम खरं तर त्याचं. आशाताईच्या एकटीच्या पदरात ते टाकणं मला अन्यायाचं वाटतं. सरकार पुरुष नसबंदी पंधरवडा पाळतं, 21 नोव्हेंबर ते 4 डिसेंबर. आपल्याकडे तेव्हा कापूस वेचणीला आलेला असतो. 'सीझन होऊ द्या, मग पाहू,' असं नवरा म्हणतो, आणि सीझन संपल्यावर दवाखान्याच्या गाडीत बायको बसते.