चौऱ्याहत्तर मीटरचं वळण

दुपारी 3. आमचा माल, म्हणजे पवनचक्कीची पाती, रात्री चालतो, म्हणून माझा दिवस दुपारी उजाडतो. मी निघतो तेव्हा मुलगी शाळेतून येत असते. दारातच भेट आणि दारातच निरोप. ग्रोनिंगेन शहरातून अर्ध्या-पाऊण तासात एम्सहाफेन येतं. नेदरलँड्सच्या ईशान्य टोकावरचं हे बंदर 1973 साली राणी ज्युलियाना यांच्या हस्ते सुरू झालं आणि त्याच वर्षी तेलसंकट कोसळलं. ज्या कारखान्यांच्या भरवशावर ते बांधलं, ते आलेच नाहीत. धक्के वर्षानुवर्षं ओस होते. आज त्याच मोकळ्या जमिनीचं सोनं झालं आहे, कारण पवनचक्कीला सर्वांत आधी लागते ती जागा. इथून 85 किलोमीटरवर, भर समुद्रात, जेमिनी प्रकल्पाच्या 150 चक्क्या फिरतात. त्यांच्या देखभालीची माणसं याच बंदरातून जातात.

दुपारी 4. कागदपत्रं. या देशात ट्रक 4 मीटरपेक्षा उंच, 2.55 मीटरपेक्षा रुंद किंवा 18.75 मीटरपेक्षा लांब असला की वेगळी परवानगी काढावी लागते. आज आमच्याकडे आहे ते नुसतं पातंच 74 मीटरचं. आरडीडब्ल्यू ही सरकारी संस्था परवानगी देते, पण त्याआधी ज्याचा रस्ता असेल त्याला विचारलं जातं: राष्ट्रीय रस्ता असेल तर रेइक्सवाटरस्टाटला, नाहीतर प्रांताला किंवा नगरपालिकेला. हा पूल एवढं वजन पेलेल का, हे वळण बसेल का? मी स्वतः हा मार्ग दोनदा फिरलो आहे, प्रत्येक वळणावर उतरून टेप लावला आहे. नकाशावर झाडाची फांदी दिसत नाही.

संध्याकाळी 6. धक्का. नोव्हेंबरचा अंधार केव्हाच पडलाय. क्रेनवाला वाऱ्याच्या आकड्याकडे बघत बसलाय. जी वस्तू वाऱ्यासाठीच घडवली, ती वारा पडल्याशिवाय उचलता येत नाही. पात्याच्या मुळाशी माणूस ताठ उभा राहील एवढं गोल तोंड आहे, कडेनं बोल्टांची रांग. टोकाशी मात्र ते माझ्या तळहाताएवढं उरतं. पांढऱ्या अंगावर खारट ओल जमली आहे. पायाखालची जमीनही बघण्यासारखी असते. साध्या धक्क्यावर ही क्रेन उभी केली तर जमीन खचेल. इथे खोलवर खांब ठोकले आहेत, वर खडी दाबून दाबून बसवली आहे. बंदर सुधारलं म्हणजे काय झालं, तर मुख्यतः हे झालं. आणि हे कुठल्याही फोटोत दिसत नाही.

साडेसातला वारा पडला. आठ वाजता पातं ट्रेलरवर.

रात्री 9. डबा. पोळी, मेथीची भाजी. ड्रायव्हर इथलाच, ग्रोनिंगेनचा. दिवस असो की रात्र, तो भेटला की ‘मोइ’ म्हणतो, मीही ‘मोइ’ म्हणतो. मी साताऱ्यातल्या पाटण तालुक्यातला. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या तेव्हा आम्ही पोरं रस्त्याच्या कडेला बसून पात्यांची वाट बघायचो. ती पाती सोळा-एक मीटरची. तरी घाटातल्या वळणावर ट्रक मागे-पुढे करत राहायचा आणि मागे एस.ट्या खोळंबायच्या. आमचे अण्णा म्हणाले होते, ‘‘पातं मोठं नाय बाळा, रस्ता लहान हाय.’’ पुढे माझं सगळं शिक्षण त्या एका वाक्याभोवती झालं.

रात्री 11. निघालो. पुढे एक पायलट गाडी, मागे एक. एन-33 रस्ता आसेनपासून झुइडब्रुकपर्यंत 2014 मध्ये चौपदरी झाला, पण बंदराकडचा भाग अजून दोनपदरीच आहे. बंदर एवढं वाढलं आणि त्याच्या दारातला रस्ता अरुंद राहिला, हे मला मुळीच पटत नाही. अपिंगेडामजवळ एम्स कालव्यावरचा पूल आम्ही अगदी मधोमध, चालण्याच्या वेगानं, ब्रेक न लावता ओलांडला.

रात्री 1. गोल चौक. इथे पाट्या खोबणीत बसवलेल्या आहेत. दोघांनी उचलून बाजूला ठेवल्या. चौकाच्या पोटातून सरळ जायला पोलादी प्लेटा अंथरायच्या होत्या. बाहेरच्या कडेची एक प्लेट कंत्राटदारानं टाकलीच नव्हती. खाली समुद्रकाठची ओली चिकणमाती. मी बूट दाबला, घोट्यापर्यंत गेला. थांबलो. प्लेट येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. मग मागच्या चाकांचा माणूस हातातल्या रिमोटवर मागचे आस वळवत ट्रेलरच्या बाजूनं चालू लागला. पात्याचं टोक कोपऱ्यावरच्या घराच्या कुंपणावरून सरकत गेलं. वरच्या खिडकीत एक आजी उभ्या होत्या, त्यांनी हात हलवला. ड्रायव्हर, चाकवाला, मी, कुणीच बोलत नव्हतं. अंतर उरलं होतं माझ्या दोन वितींचं.

पहाटे 4. फेनडामच्या बाजूचं शेत. पातं उतरवलं, सह्या झाल्या.

पहाटे 5. गाडीतून आईला फोन. तिकडे साडेनऊ. ‘‘पोचलं का रे पातं?’’ पोचलं, आई.

काम संपलं की पात्यांसाठी वळणावर टाकलेला भराव उचलून तिथे पुन्हा गवत लावतात. वीस-पंचवीस वर्षांनी चक्की बदलायची वेळ येते तेव्हा पुन्हा तेच मोजमाप आणि तोच खर्च. माझं मत स्पष्ट आहे: एकदा केलेलं वळण राखून ठेवा. आणि वनकुसवड्याच्या 350 किलोवॅटच्या चक्क्याही आता जुन्या झाल्या आहेत. त्यांच्या जागी येणारी पाती सोळा मीटरची नसतील. साताऱ्यातल्या अभियंत्यांना माझी हात जोडून विनंती आहे: यंत्राची ऑर्डर देण्याआधी टेप घेऊन घाटात जा.